रात्रपाळीची विद्या

तान्हे बाळ दूध पिताना मध्येच थांबते. धाप लागते, कपाळावर घाम येतो, पुन्हा दोन घोट ओढते आणि थकून झोपी जाते. घरातील वडीलधारी स्त्री म्हणते, बाळ बाळसे धरत नाही. मग दृष्ट काढली जाते, बाळगुटी बदलली जाते, वरचे दूध सुरू होते. झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावरचे घर असो वा यवतमाळच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्याची माडी असो, हृदयात जन्मतः मोठे छिद्र असलेल्या बाळाची पहिली खूण बहुधा अशीच दिसते. त्या वयात दूध ओढणे हाच सर्वांत मोठा व्यायाम असतो आणि दुबळे हृदय त्या व्यायामातच उघडे पडते. मोठा माणूस जिना चढताना थांबतो. बाळ दूध पिताना थांबते.

जन्मजात हृदयदोष ही दुर्मीळ गोष्ट नाही. जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांना हा दोष असतो. भारतात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळे असा दोष घेऊन जन्मास येतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील पुष्कळांची छिद्रे लहान असतात व वाढीबरोबर आपोआप मिटतात. परंतु सुमारे एक पंचमांश बाळांना पहिल्या वर्षाच्या आतच शस्त्रक्रिया वा तत्सम इलाज लागतो. वर्ष उलटले की काहींच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होत जातात आणि मग कुशल शल्यविशारदालाही हात टेकावे लागतात.

अशी बाळे शोधून काढण्याची सरकारी व्यवस्था आपल्या राज्यातच सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. फिरत्या पथकात आयुष शाखेचे दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. ज्या तीसेक आजारांचा शोध घ्यायचा त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. दोष आढळला तर पुढील तपासण्या व शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही आधार असतो. पैशावाचून बाळ गेले, असे वाक्य समाजाच्या सभांमधून अजूनही ऐकू येते. ते पूर्वी जितके खरे होते तितके आज राहिलेले नाही. औषधाला, प्रवासाला, आईवडिलांच्या बुडालेल्या मजुरीला पैसा लागतोच. तथापि शस्त्रक्रियेचा मुख्य खर्च भागण्याच्या वाटा आज आहेत. आता उणीव आहे ती माणसांची. आणि ही माणसे म्हणजे केवळ डॉक्टर नव्हेत.

या मुद्द्यावर थोडे थांबावे लागेल, कारण जैन समाजाची सेवेची कल्पना शिबिराभोवती घडलेली आहे. अमेरिकेतून येणारे प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांची विनामूल्य शिबिरे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना आठवत असतील. भारतीय जैन संघटनेने त्यांच्या शिबिरांसाठी गावोगावी कार्यकर्ते उभे केले. अपघाताने स्वतःच्या शरीराला अपंगत्व आलेले असताना त्या गृहस्थांनी हजारो मुलांचे दुभंगलेले ओठ शिवले. मोतीबिंदूची शिबिरे तर प्रत्येक तालुक्याच्या परिचयाची. शिबिराचा गुण असा की शल्यविशारद येतो, दोन दिवस राहतो, जातो. रुग्ण टाके घालून घरी जातो आणि बहुतेक वेळा सारे सुखरूप पार पडते. देणगीदारालाही काम पूर्ण झाल्याचे समाधान डोळ्यांनी पाहता येते.

बाळाच्या हृदयाचे शिबिर भरवता येत नाही. त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या खोलीत सापडत नाही, त्यानंतरच्या रात्रीत सापडते.

उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया करताना बाळाचे रक्त काही काळ शरीराबाहेरील यंत्रातून फिरवले जाते. हृदय थांबवतात, आतील छिद्र बंद करतात, हृदय पुन्हा चालू करतात. सकाळी नऊला सुरू झालेले काम दुपारी दोनच्या सुमारास आटोपते. शल्यविशारद बाहेर येऊन आईवडिलांना सांगतात की शस्त्रक्रिया चांगली झाली, आणि ते खरेच असते. परंतु यंत्राच्या आघाताने आणि थांबवून पुन्हा चालवल्याने ते इवलेसे हृदय नंतर काही तास मंदावते. हा काळ साधारणपणे शस्त्रक्रियेनंतरच्या ६ ते १८ तासांत येतो. दुपारी दोनमध्ये सहा तास मिळवले की रात्रीचे आठ होतात. अठरा मिळवले की दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ. म्हणजे बाळ सर्वाधिक संकटात असते ते नेमके रात्रपाळीत. त्या वेळी मुख्य शल्यविशारद घरी असतात, दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी झोप घेणेही आवश्यक असते, आणि खाटेजवळ उभी असते ती परिचारिका.

तिच्यापुढील हिशेब किती सूक्ष्म असतो हे सराफाच्या काट्याशी परिचय असलेल्या घरांना चटकन उमजेल. तीन किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे २५० मिलिलिटर रक्त असते. एका फुलपात्रात मावेल इतके. छातीतील नळीवाटे तासाभरात ३० मिलिलिटर रक्त आले, तर मोठ्या माणसाच्या दृष्टीने ते दोन मोठे चमचे. या बाळाच्या दृष्टीने आठवा हिस्सा गेला. मूत्रपिंडे नीट चालत असतील तर तासाला किमान तीन मिलिलिटर लघवी व्हावी, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही कमी. ती दोन झाली, मग एक झाली, तर हृदय मंदावत आहे ही त्याची वर्दी असते. रक्तदाबाचा आकडा पुष्कळदा त्यानंतर घसरतो.

नवशिकी व्यक्ती आणि प्रशिक्षित व्यक्ती यांतील अंतर एका प्रसंगात दिसते. नळीतून थेंबथेंब येणारे रक्त मध्यरात्री एकाएकी बंद होते. नवशिकीला वाटते, रक्तस्राव थांबला, बरे झाले. जाणती हात पुसून लगेच खाटेजवळ येते, कारण नळी गुठळीने बुजली असेल तर रक्त आता हृदयाभोवती साठत असणार आणि हृदयाला उघडमीट करायला जागा उरणार नाही. नाडी वाढते आहे काय, दाब उतरतो आहे काय, पाय थंड पडले काय, हे ती क्रमाने पाहते आणि डॉक्टरांना उठवते. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत छाती पुन्हा उघडावी लागते किंवा लागत नाही. बाळ मात्र तिच्या त्या एका शंकेवर जगते.

श्वासनलिकेतील कफ ओढून काढणे हेही असेच एक साधे दिसणारे काम. ज्यांच्या फुप्फुसांवर जन्मापासून रक्ताचा अतिरिक्त भार होता, अशा बाळांमध्ये त्या क्षणी फुप्फुसांतील वाहिन्या आवळून येतात व बाळ निळे पडते. म्हणून ते काम दोघींनी मिळून, आधी प्राणवायू वाढवून, बाळाला शांत ठेवून, काही क्षणांत उरकायचे असते. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपते. हाताला येण्यास अनेक महिने जातात.

डॉक्टर नसलेल्या व्यक्तीला इतकी जबाबदारी द्यावी काय, हा प्रश्न बालहृदयशस्त्रक्रियेच्या जन्मापासून तिच्यासोबत आहे. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पंधरा महिन्यांच्या, जेमतेम चार किलो वजनाच्या, ओठ निळे पडलेल्या एका मुलीवर डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी शस्त्रक्रिया केली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बालहृदयतज्ज्ञ स्त्रीची होती. तिला ऐकू येत नसल्याने ती बाळाच्या छातीवर बोटे ठेवून हृदय वाचत असे. शस्त्रक्रिया ब्लॅलॉक करीत होते आणि त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून व्हिव्हियन थॉमस त्यांना पावलोपावली सांगत होता. हा कृष्णवर्णीय तरुण सुतारकाम शिकलेला. तो प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला आणि महाविद्यालयासाठी साठवलेले पैसे महामंदीत बँक बुडाल्याने गेले. ती शस्त्रक्रिया प्राण्यांवर प्रत्यक्ष बसवून दाखवणारे हात त्याचे होते. त्याची नोंद मात्र कितीतरी काळ साफसफाई करणाऱ्या कामगाराच्या वर्गात होती. पुढे नामांकित झालेल्या अनेक शल्यविशारदांनी आपण टाका घालायला थॉमसकडून शिकलो असे कबूल केले. १९७६ मध्ये त्याच विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या पहिल्या मुलीला पुढे काही महिन्यांचेच आयुष्य लाभले, परंतु त्या वाटेने नंतर हजारो निळी बाळे गुलाबी झाली.

१९६५ मध्ये अमेरिकेत दोन ठिकाणी या प्रश्नाला रीतसर उत्तर मिळाले. कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने अनुभवी परिचारिकांना पुढील शिक्षण देऊन तपासणी व उपचाराचे अधिकार देणारा अभ्यासक्रम सुरू केला. नर्स प्रॅक्टिशनर हे पद त्यातून निघाले, आणि ते पहिल्यांदा मुलांच्या आरोग्यासाठीच निघाले, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलातून परतलेल्या वैद्यकीय साहाय्यकांना घेऊन फिजिशियन असिस्टंटचा वर्ग उघडला. आज तेथील बालहृदय अतिदक्षता विभागांत या दोन्ही वर्गांतील माणसे दिवसरात्र पहिल्या फळीत असतात.

भारतात या वर्गाचा आरंभ हृदयशस्त्रक्रियेच्याच अंगणात झाला. १९७५ मध्ये देशातील पहिली कॉरोनरी बायपास शस्त्रक्रिया करणारे डॉ. के. एम. चेरियन यांनी १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण सुरू केले. २०२१ च्या राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यवसायाची दखल घेतली. म्हणजे पहिल्या वर्गानंतर कायद्याच्या पुस्तकात नाव यायला एकोणतीस वर्षे लागली. परिचारिकांच्या बाजूने भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास अतिदक्षतेतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. बी.एस्सी. नर्सिंग आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव ही त्याची पहिली पायरी. त्यात वर्गापेक्षा खाटेजवळचा वेळ कितीतरी अधिक ठेवला आहे, हे योग्यच झाले. बालहृदयाचे खास शिक्षण मात्र त्यात सबंध मिळत नाही. ते ज्या त्या रुग्णालयाला आपल्या विभागातच द्यावे लागते.

हे शिक्षण कसे असते? आरंभी बाळाच्या हृदयाची रचना आणि रक्ताचा मार्ग कागदावर काढून दाखवावा लागतो. निरोगी हृदयाचा नव्हे, प्रत्येक दोषातील वेगळा मार्ग. मग औषधांचे गणित येते. मोठ्या माणसाच्या मात्रेत दशांश चिन्ह एक घर सरकले तर चूक होते. बाळाच्या मात्रेत सरकले तर बहुधा जीव जातो. म्हणून प्रत्येक मात्रा दोघींनी स्वतंत्रपणे मोजून ताडून पाहायची असते, जशी पेढीवर रोकड दोघांनी मोजावी. पुतळ्यावर हृदय बंद पडल्याचा सराव वारंवार करवून घेतात. पाळी बदलताना बाळाची हकिकत कोणत्या क्रमाने सांगायची, तेही शिकवतात, कारण पुष्कळ चुका खाटेजवळ न होता त्या दोन मिनिटांच्या सांगण्यात होतात.

यांतील सर्वांत अवघड धडा औषधाचा नाही, बोलण्याचा आहे. बोस्टनच्या बाल रुग्णालयाच्या पुढाकाराने २००८ च्या सुमारास विकसनशील देशांतील बालहृदय केंद्रांची एक जोडणी उभी राहिली. भारतातील केंद्रेही तीत आली. तिने तीन गोष्टींवर भर दिला : शस्त्रक्रियेच्या काळातील सुरक्षित रीती, जंतुसंसर्गाला आळा, आणि परिचारिकेला संघात मानाचे स्थान. तिसरी गोष्ट शिष्टाचारासारखी वाटते, पण तिच्यावर जीव अवलंबून असतो. सकाळच्या फेरीत ज्येष्ठ डॉक्टरांसमोर बाळाची माहिती परिचारिकेने द्यायची, शंका तिने मांडायची, आणि रात्री अडीच वाजता उठवल्याबद्दल तिला कोणी रागावायचे नाही. शंका निराधार ठरली तरीही. आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या आणि पदांच्या उतरंडीत वाढलेल्या बावीस वर्षांच्या मुलीला हे बळ आपोआप येत नाही. ते द्यावे लागते, आणि देणाऱ्याला आपला अहंकार थोडा खाली ठेवावा लागतो.

विदर्भाला या विचाराचे नवल वाटू नये. यवतमाळहून फार दूर नसलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. अल्पशिक्षित गावकरी स्त्रिया बाळ गुदमरल्यास श्वास देऊ लागल्या, जंतुदोषाची लक्षणे ओळखू लागल्या आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देऊ लागल्या. इंजेक्शन या शब्दावर तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या होत्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, त्यांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच पायावर उभा आहे. नीट ठरवलेले काम, नीट शिकवलेले हात आणि वर लक्ष ठेवणारा जाणकार, एवढे जुळले की पदवीची उणीव फार अडत नाही. बालहृदयाच्या अतिदक्षतेत शिक्षण कितीतरी उच्च लागते हे खरे, तत्त्व तेच.

व्यापारी घरांना हे तत्त्व पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मुनीम कोणत्या महाविद्यालयात घडत असे? पोरवयात गादीशेजारी बसायचा, आधी टपाल, मग रोकड, मग नाव-जमा, मग उधारी ओळखण्याची नजर. दहा वर्षांनी शेठ निर्धास्तपणे यात्रेला जात, कारण मुनीम दुकानात असे. आणि असा तयार मुनीम कोणी दर सहा महिन्यांनी उचलून कापसाच्या गंजीवर राखणीला बसवीत नसे. रुग्णालयांत मात्र नेमके हेच घडत आले आहे. बालहृदयाच्या अतिदक्षतेत तयार झालेली परिचारिका पाळीपाळीच्या नियमाने दुसऱ्याच कक्षात पाठवली जाते आणि तिच्या जागी नवखी येते. कागदावर संख्या तीच राहते. विद्या निघून जाते. उरलेल्या काही जणी आखाती देशांत वा महानगरांत जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्या पदाला स्वतंत्र नाव नाही, वाढीव वेतन नाही आणि पुढची पायरी नाही, त्या पदावर कोण किती काळ टिकेल?

शिक्षण आणि उपचार एका छताखाली ठेवण्याचा एक चांगला नमुना महाराष्ट्रात आहे. नवी मुंबईतील खारघर येथे श्री सत्य साई संजीवनी केंद्र आहे. त्याच्या नावातच बालहृदय उपचाराबरोबर बालहृदयविषयक कौशल्यांचे प्रशिक्षण हे शब्द जोडलेले आहेत. छत्तीसगडमधील नवा रायपूर येथे २०१२ मध्ये सुरू झालेले त्याच परिवारातील रुग्णालयही आता बालहृदयाला वाहिलेले आहे. या रुग्णालयांत बिल भरण्याची खिडकी नाही, ही त्यांची ख्याती. विदर्भातील अनेक पालकांना रायपूरची वाट मुंबईपेक्षा जवळची वाटते.

यवतमाळच्या बाळासाठी शस्त्रक्रिया ही प्रवासाचा मध्य असते. नागपूर दीडशे किलोमीटरवर, रायपूर वा मुंबई त्याहून कितीतरी दूर. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळचे, वणीच्या माणसाला नागपूर-चंद्रपूर. बाळ परत येते तेव्हा हातात कागदांची पिशवी असते आणि तोंडाने द्यायची चार औषधे. त्यांतील लघवी वाढवणाऱ्या औषधाची मात्रा वजनाप्रमाणे बदलायची असते. येथपासून पुढे त्याला कोण पाहणार? अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या बाल रुग्णालयाने २००० च्या सुमारास एक साधी रीत पाडली. दोन मोठ्या शस्त्रक्रियांच्या दरम्यान घरी असलेल्या अत्यंत नाजूक बाळांच्या आईवडिलांना वजनकाटा आणि प्राणवायू मोजण्याचे यंत्र दिले. रोज दोन आकडे वहीत लिहायचे. वजन एका दिवसात ३० ग्रॅमने घटले किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढले नाही, तर रुग्णालयाला कळवायचे. फोनच्या दुसऱ्या टोकाला बहुधा प्रशिक्षित परिचारिका असते. या वहीने दोन शस्त्रक्रियांमधील मृत्यू लक्षणीय घटले.

हे यवतमाळला अशक्य नाही. जिल्ह्यात १६ तालुके आहेत, श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. येथे शस्त्रक्रिया करण्याची घाई कोणी करू नये. मोठ्या केंद्रात काही महिने राहून आलेल्या दोन-तीन परिचारिका जिल्ह्यात असाव्यात, इतकेच पुष्कळ आहे. प्रसूतिकक्षातील प्रत्येक बाळाची जन्मानंतर २४ तासांनी प्राणवायूची तपासणी त्या सुरू करू शकतील. उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे आकडा पाहायचा. ९५ च्या खाली असेल किंवा दोहोंत तीनहून अधिक फरक पडत असेल तर पुन्हा मोजायचा, ९० च्या खाली असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचे. करोनाच्या दिवसांत घरोघरी आलेले बोटाच्या चिमट्याचे यंत्र यासाठी चालत नाही. तान्ह्या बाळाच्या तळव्याला गुंडाळता येईल अशी पट्टी असलेले यंत्र लागते. देणगी म्हणून यंत्र देणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर ते कपाटात पडून राहते.

आणि येथे दानाचा विषय आपोआप येतो. पर्युषणात घोषणा होतात. खोली, रुग्णवाहिका, यंत्र, शस्त्रक्रिया यांसाठी दाते पुढे येतात. खोलीवर नाव कोरता येते, रुग्णवाहिकेवर रंगवता येते. परिचारिकेच्या दोन वर्षांच्या शिक्षणावर पाटी कोठे लावावी, हा पेच आहे खरा. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात वैयावृत्त्य हे अंतरंग तपांत गणले आहे आणि ते कोणाचे करावे त्या दहांच्या यादीत ग्लान, म्हणजे आजारी, जसा आहे तसाच शैक्ष, म्हणजे शिकणारा, हाही आहे. तेथील संदर्भ मुनिसंघाचा आहे, गृहस्थाच्या दानाचा नाही. तरीही आजाऱ्याबरोबर शिकणाऱ्याचीही सेवा मोजणारी ती यादी विश्वस्त मंडळांनी एकदा वाचण्याजोगी आहे. एका शस्त्रक्रियेला दिलेली रक्कम एका बाळाची. परिचारिकेचे शिक्षण, परगावी राहण्याचा खर्च आणि परतल्यावर काही वर्षे तिच्या वेतनात पडणारी भर, ही रक्कम अर्थातच मोठी. परंतु मुद्दल कायम राहून व्याज मिळत राहावे तशी ती दर रात्री कामी येते. मात्र देताना रुग्णालयाकडून एक गोष्ट लेखी घ्यावी की तिला त्याच विभागात किमान काही वर्षे ठेवले जाईल. व्यापारी माणूस इतर कोणत्याही व्यवहारात हे विचारल्यावाचून राहिला नसता.

याहून अवघड प्रश्न घरातला आहे. समाजातील मुली डॉक्टर होतात, सीए होतात, आता वैमानिकही होऊ लागल्या आहेत. परिचारिका होईन, असे एखादी म्हणाली तर घरात शांतता पसरते. रात्रपाळी, परक्यांचे मलमूत्र, लग्नाच्या वेळी बायोडाटात काय लिहायचे, ही कारणे कोणी उघड बोलत नाही. आजाऱ्याच्या सेवेला तप मानणाऱ्या परंपरेत ते काम करणारी स्त्री मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी घरची असावी, अशी ही अपेक्षा आहे. रुग्णालयांना देणगी देणाऱ्या घरांपैकी किती घरांतून एक परिचारिका गेली, हे मोजायला एका हाताची बोटेही जड होतील.

बारावी विज्ञान, चार वर्षे बी.एस्सी. नर्सिंग, एक वर्ष प्रत्यक्ष कक्षात काम, दोन वर्षे नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण. बारावीनंतर सात वर्षे. तीन किलोच्या बाळाच्या छातीतील नळी मध्यरात्री कोरडी पडली तर काय करायचे, हे तेवढ्या काळात शिकून होते.